सर्पगंधा : एका मुळीचा आणि तिच्या मात्रेचा इतिहास

आजचा विषय वनस्पतीचा आहे, पण व्याख्यान वनस्पतिशास्त्राचं नाही आणि वैद्यकाचंही नाही. आम्ही इतिहासाच्या अंगाने बोलणार आहोत. तरीही सुरुवातीलाच सांगून टाकतो, की हा इतिहास संपलेला नाही. सर्पगंधेची मुळी आजही बाजारात मिळते. चूर्णाच्या डब्यात मिळते, गोळीत मिळते. झोप येत नाही, बीपी वाढलंय, डोकं तापलंय, अशा तक्रारींवर आजही लोक ती घेतात, आणि घेताना एक वाक्य हमखास म्हणतात, ‘झाडपाल्याचं आहे, अपाय नाही.’ या वाक्याचं काय करायचं, ते इतिहास पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही. म्हणून हा विषय घेतला.

आधी झाडाची ओळख करून घेऊ. गुडघ्या-मांडीएवढं झुडूप, सावलीत, ओलसर जागी वाढणारं. कोकणात, गोव्यात, सह्याद्रीच्या उतारांवर, तिकडे हिमालयाच्या पायथ्याच्या तराईत, बंगाल-बिहारात सापडतं. एका पेरावर तीन-तीन पानं, लालसर देठांवर पांढरी-गुलाबी फुलांची गुच्छी, आणि पिकल्यावर काळी होणारी छोटी फळं. मराठीत अडकई, हरकाया अशी नावं आहेत. पण औषध आहे ते मुळात. मूळ वाकडंतिकडं, वरून करडं, चवीला कडूजहर. बरंचसं औषधी द्रव्य मुळाच्या सालीत असतं. ही बारीक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

‘सर्पगंधा’ हे नाव कुठून आलं? मूळ सापासारखं दिसतं म्हणून, असं कुणी सांगतं; सापाला त्याचा वास सहन होत नाही म्हणून, असंही कुणी सांगतं. सुश्रुतसंहितेत विषावरच्या योगांमध्ये सर्पगंधा, नाकुली, गंधनाकुली ही नावं येतात. नकुल म्हणजे मुंगूस. मुंगूस नागाशी झुंजण्याआधी ही मुळी चावून जातो, ही कथा आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. आता संहितेतली सर्पगंधा म्हणजे नेमकी आपली हीच का, यावर जाणकारांत एकमत नाही. जुन्या ग्रंथांतलं नाव आणि आजच्या रोपवाटिकेतलं झाड यांची गाठ मारताना फार सांभाळावं लागतं. आपण फक्त एवढंच पाहू, की जुन्या ग्रंथांत तिची ओळख मुख्यतः विषावरचं औषध म्हणून आहे. झोपेचं किंवा वेडावरचं औषध ही तिची ख्याती ग्रंथांपेक्षा लोकव्यवहारातून आलेली दिसते. बिहारच्या बाजारात ही मुळी ‘पागल की दवा’ या नावानेच विकली जाई. कुठल्याही पंडिताने ठेवलेलं नाव इतकं स्पष्ट नसतं!

सर्पदंशाचं इथेच संपवू. साप चावल्यावर या मुळीचा काहीही उपयोग नाही. उलट, आधीच खाली जाणारा रक्तदाब ती आणखी खाली नेऊ शकते. साप चावला तर प्रतिविष हेच औषध, आणि ते आपल्या मुंबईच्या हाफकिनमध्येही तयार होत आलंय. पुढे जाऊ.

युरोपात ही मुळी पोचली ती गोव्यातून. १५३४ मध्ये गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात आला. १५६३ मध्ये त्याचं ‘कोलोक्विओश’ हे पुस्तक गोव्यातच छापलं गेलं. हिंदुस्थानातल्या औषधींवर दोन माणसांच्या संवादाच्या रूपात लिहिलेलं हे पुस्तक आहे, आणि भारतात छापल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी एक. त्यात ‘साप-लाकूड’ या नावाखाली काही मुळ्यांचं वर्णन आहे, आणि हो, मुंगूस-नागाची झुंजही आहे. त्यातली एक मुळी सर्पगंधा असावी, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. ऑर्ताचा आणखी एक धागा आपल्याकडे येतो. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. या माणसाचं पुढे काय झालं हेही सांगायला हवं. तो ज्यू घराण्यातला होता. १५६८ मध्ये तो वारला, आणि १५८० मध्ये इन्क्विझिशनने त्याची हाडं उकरून जाळली. पुस्तक मात्र क्लुसियसने लॅटिनमध्ये आणलं होतं, ते युरोपभर वाचलं गेलं.

शास्त्रीय नावाची तर गंमतच आहे. ‘राउवोल्फिया’ हे नाव लिओनहार्ड राउवोल्फ या आउग्सबुर्गच्या डॉक्टरच्या नावावरून आलं. तो बगदादपर्यंत येऊन गेला, भारतात कधी आलाच नाही. त्याच्या नावाने शार्ल प्ल्युमिए या फ्रेंच साधूने १७०३ मध्ये अमेरिकेतल्या एका झाडाचं नामकरण केलं. लिनियसने आपल्या झाडाला वेगळंच नाव दिलं होतं, त्याचा अर्थ होतो ‘सापाचं लाकूड’. पुढे एकोणिसाव्या शतकात ते राउवोल्फियाच्या कुळात गेलं आणि ‘सर्पेंटिना’ हे शेपूट राहिलं. म्हणजे ज्याने हे झाड पाहिलंच नाही, त्याचं नाव या झाडाला कायमचं चिकटलं.

आता खरी गोष्ट सुरू होते, आणि ती एका वर्षाभोवती फिरते : १९३१.

त्या वर्षी दोन शहरांत दोन वेगळ्या गोष्टी घडल्या. कलकत्त्यात कविराज गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस या दोघांनी ‘इंडियन मेडिकल वर्ल्ड’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. लेखाच्या शीर्षकातच म्हटलं होतं, की हे वेडावरचं आणि उच्च रक्तदाबावरचं नवं भारतीय औषध आहे. एक कविराज आणि एक डॉक्टर, दोघांनी मिळून लिहिलेला लेख. त्या काळी आयुर्वेदवाले आणि डॉक्टर एकमेकांकडे पाठ करून उभे असायचे. तेव्हा ही जोडगोळीच मुळात दखल घेण्यासारखी आहे. त्यांनी लिहिलं की वीस ते तीस ग्रेन चूर्ण दिवसातून दोनदा दिलं की झोप येते, रुग्णाचा हिंसकपणा कमी होतो आणि रक्तदाबही उतरतो. एका ग्रेनमध्ये साधारण पासष्ट मिलिग्रॅम. म्हणजे दिवसाला अडीच ते चार ग्रॅम चूर्ण. हा आकडा बाजूला लिहून ठेवा.

दुसरी घटना दिल्लीत, करोलबागेतल्या तिब्बिया कॉलेजात. हकीम अजमल खान यांनी उभारलेली ही संस्था. हकीमसाहेबांची इच्छा होती की देशी औषधींचं आधुनिक रसायनशास्त्राने विश्लेषण व्हावं. त्यासाठी त्यांनी जर्मनीत शिकलेल्या सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांना बोलावलं. हकीमसाहेब १९२७ च्या अखेरीस गेले, पण काम चालू राहिलं. १९३१ मध्ये सिद्दीकींनी या मुळीतून अनेक अल्कलॉइडं वेगळी केली आणि त्यातल्या एकाला हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ नाव दिलं. मंडळी, हे नाव आजही जिवंत आहे. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवणारा ब्रुगाडा नावाचा आजार आहे. तो लपलेला असेल तर उघड करण्यासाठी जगभरच्या हृदयरोग केंद्रांत जी चाचणी करतात, ती अजमलीनची चाचणी. युरोपातला एखादा तरुण डॉक्टर दिल्लीच्या हकीमाचं नाव रोज घेतो, पण ते एका माणसाचं नाव आहे याचा त्याला पत्ता नसतो.

सिद्दीकींचं काम मोठं, यात शंका नाही. पण झोप आणणारं द्रव्य त्यांच्या हाती लागलं नव्हतं. त्यांनी स्फटिकरूपात जे वेगळं केलं, त्यात रक्तदाबावर आणि हृदयावर काम करणारी द्रव्यं होती. गुंगी आणणारं जे काही होतं, ते मागे उरलेल्या चिकट राळेत पडून होतं. कलकत्त्याच्या ट्रॉपिकल मेडिसिनच्या संस्थेत रामनाथ चोप्रांनी १९३३ मध्ये गुप्ता आणि मुखर्जी यांच्यासह प्राण्यांवर अभ्यास केला. १९४४ मध्ये गुप्ता, काहाली आणि दत्त यांनी दाखवलं की डेहराडूनकडच्या मुळीच्या राळेतच झोप आणण्याची शक्ती आहे. इथे आपली मंडळी दारापाशी पोचली होती असं म्हणायला हरकत नाही. दार उघडलं मात्र दुसऱ्यांनी. स्वित्झर्लंडमधल्या बाझलला, सीबा कंपनीत, म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी १९५२ मध्ये त्या राळेतूनच एक द्रव्य शुद्ध रूपात काढलं. त्याला नाव दिलं रेसरपिन. बाजारात ते ‘सर्पासिल’ म्हणून आलं. १९५६ मध्ये हार्वर्डच्या वुडवर्डने ते प्रयोगशाळेत जोडून बनवलं, ती रसायनशास्त्रातली गाजलेली कामगिरी आहे. पण कारखान्याला ते परवडणारं नव्हतं. बाजारासाठी मुळ्या खणणं चालूच राहिलं.

यात अन्याय झाला का, असा प्रश्न नेहमी येतो. आमचं मत असं, की सीबाने चोरी केली हे म्हणणं सोपं आहे पण अपुरं आहे. भारतातलं सगळं संशोधन छापलेलं होतं, कुणालाही वाचायला मिळत होतं. कमी पडला तो पुढचा टप्पा, म्हणजे प्रयोगशाळेतून कारखान्यात जाण्याचा. त्यासाठी लागणारा पैसा आणि यंत्रणा १९४४ च्या कलकत्त्यात, दुष्काळ आणि युद्धाच्या मधोमध, कुठून येणार होती?

आता मुंबईकडे येऊ. डॉ. रुस्तम जाल वकील, हृदयरोगतज्ज्ञ, केईएम रुग्णालयाशी संबंधित. १९४९ मध्ये त्यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये एक निबंध छापला : सर्पगंधेच्या मुळीचा उच्च रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांवर वापर. आज पन्नास रुग्णांचा अभ्यास कुणी फारसा मोजणार नाही. पण १९४९ साल डोळ्यांपुढे आणा. उच्च रक्तदाबावर तेव्हा जवळपास काहीच नव्हतं. मीठ बंद करा, आराम करा, आणि फारच झालं तर पाठीतल्या मज्जातंतूंची मोठी शस्त्रक्रिया. कित्येक डॉक्टरांना तर रक्तदाब उतरवावा की नाही याचीच खात्री नव्हती. वाढलेला दाब शरीराची गरज असेल, असंही मानणारे होते. अशा वेळी मुंबईचा एक डॉक्टर विलायतेतल्या मान्यवर नियतकालिकात लिहितो, की एक स्वस्त मुळी तोंडाने दिली तर दाब उतरतो, हळूहळू उतरतो आणि औषध थांबवल्यावरही परिणाम काही काळ टिकतो. बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्सने हे वाचलं, आपल्या रुग्णांवर करून पाहिलं आणि पुढच्या तीन-चार वर्षांत अमेरिकेत सर्पगंधेचं नाव झालं. १९५७ चा लास्कर पुरस्कार ज्यांना मिळाला, त्यांत डॉ. वकील होते.

मनोरुग्णालयांची गोष्ट याला समांतर चालू होती. अहमदाबादच्या डॉ. हकीम यांनी मानसिक आजारांवर या मुळीच्या वापराबद्दल १९५३ मध्ये सांगितलं. ती बातमी न्यूयॉर्कपर्यंत गेली, आणि नेथन क्लाइन या मनोविकारतज्ज्ञाने रॉकलंड स्टेट हॉस्पिटलमध्ये शेकडो रुग्णांना सर्पगंधा आणि रेसरपिन देऊन पाहिलं. त्याचा निबंध १९५४ चा. सांगतात की तिथे काचा बसवणाऱ्या कारागिरानेच आधी ओळखलं, कारण त्या वॉर्डांतल्या खिडक्या फुटायच्या थांबल्या होत्या. गोष्ट रंगवलेली असेलही. पण त्या काळच्या मनोरुग्णालयाचं चित्र समजून घ्यायला ती उपयोगी आहे. साखळ्या, ओली चादर गुंडाळणं, विजेचे झटके, मेंदूची शस्त्रक्रिया. बंद वॉर्डात वर्षानुवर्षं ओरडणारा माणूस शांत बसून जेवतोय, हे ज्या परिचारिकेने पाहिलं, तिला या औषधाबद्दल काय वाटलं असेल!

मग ते टिकलं का नाही? एक कारण म्हणजे क्लोरप्रोमाझीन. ते लवकर काम करायचं, रेसरपिनला आठवडे लागायचे. दुसरं कारण आपल्या आजच्या विषयाच्या गाभ्याशी आहे : मात्रा.

थोडं शरीरशास्त्र सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मज्जातंतूंच्या टोकाला अगदी सूक्ष्म पिशव्या असतात. त्यांत निरोप पोचवणारी रसायनं साठवलेली असतात : नॉरअ‍ॅड्रिनलीन, डोपामीन, सेरोटोनिन. रेसरपिन या पिशव्यांची भरती बंद पाडतं. रसायनं बाहेरच राहतात आणि तिथेच मोडली जातात. साठा संपतो. निरोप थंडावतात. म्हणून रक्तवाहिन्या सैल होतात, नाडी मंद होते, माणूस शांत होतो. पण नाकातल्या रक्तवाहिन्याही सैल होतात, म्हणून नाक चोंदतं. पोटात आम्ल वाढतं, जुना व्रण असेल तर चिघळतो. डोपामीन फारच घटलं तर हात कापतात, अंग ताठरतं, कंपवातासारखं चित्र दिसतं. आणि हे सगळं हळू होतं, तसंच हळू जातं, कारण पिशव्या नव्याने कामाला लागायला वेळ लागतो. शेवटची मात्रा घेतल्यावरही परिणाम दिवसेंदिवस, कधी दोन-तीन आठवडेही राहतो.

याच गुणधर्मातून विज्ञानाला एक मोठी देणगी मिळाली. स्वीडनच्या आर्विद कार्लसनने १९५७ मध्ये सशांना रेसरपिन देऊन निपचित केलं आणि मग एल-डोपा दिलं. ससे उठून चालू लागले. मेंदूत डोपामीनचं स्वतंत्र काम आहे हे कळण्याची ती सुरुवात. कंपवातावरचं आजचं मुख्य औषध त्या वाटेनेच आलं, आणि २००० सालच्या नोबेलमध्ये कार्लसन होता. (कंपवातावर आपल्याकडे जुनं औषध कोणतं? खाजकुयलीचं बी. त्यातही एल-डोपाच असतं. ते वेगळ्या व्याख्यानाचं प्रकरण.)

आता मात्रेचा हिशेब. मघाशी बाजूला ठेवलेला आकडा काढा. मुळीत रेसरपिन किती असतं? जागा, ऋतू, झाडाचं वय, साल किती आणि लाकूड किती, यावर ते बदलतं. सोयीसाठी हजारात एक भाग धरू. म्हणजे एक ग्रॅम चूर्णात साधारण एक मिलिग्रॅम. गणनाथ सेनांच्या मात्रेत दिवसाला अडीच ते चार मिलिग्रॅम झालं. उन्मादाच्या, बांधून ठेवावं लागणाऱ्या रुग्णाचं औषध होतं ते.

आणि रक्तदाबासाठी पुढे ठरलेली मात्रा? दिवसाला पाव मिलिग्रॅमच्या आत. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या श्रोत्यांना अ‍ॅडेलफेन आठवत असेल. घरातल्या आजोबांच्या उशाशी असायची ती गोळी. तिच्यात रेसरपिन होतं ०.१ मिलिग्रॅम. म्हणजे एक ग्रॅम चूर्ण, पाऊण-एक मासा, चमच्याच्या टोकावर मावणारं, हे हिशेबाने दहा अ‍ॅडेलफेनच्या बरोबरीचं. चूर्णातून सगळं शोषलं जात नाही, मान्य. अर्धं धरा. तरी पाच गोळ्या. आता ‘झाडपाल्याचं आहे’ हे वाक्य पुन्हा म्हणून बघा.

१९५० च्या दशकात नेमकं हेच झालं. शुद्ध रेसरपिन हाती आल्यावर डॉक्टरांनी रक्तदाबासाठीही मोठ्या मात्रा दिल्या. मग बातम्या येऊ लागल्या : रुग्ण उदास होतात, रडतात, काहींनी जीव द्यायचा प्रयत्न केला. त्यावरून मोठा सिद्धांतही उभा राहिला, की मेंदूतली ही रसायनं कमी झाली की नैराश्य येतं. नैराश्यावरच्या औषधांच्या विचाराचा पाया काही अंशी या मुळीच्या दुष्परिणामांवर रचला गेला. पण इथे थांबून पाहायला हवं. १९५५ मध्येच लंडनच्या डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंताग्रस्त आणि उदास रुग्णांवर रेसरपिनची नीट तुलनात्मक चाचणी घेतली होती, आणि त्यात रुग्णांना फायदाच दिसला होता. तो निबंध जवळजवळ विसरला गेला. २००३ मध्ये बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी जुना पुरावा पुन्हा तपासला आणि रेसरपिनने नैराश्य येतं ही समजूत पुराव्यापेक्षा फार मोठी झाली आहे, असं मांडलं.

आमचा कल कुठे? अगदी लहान मात्रेत धोका पूर्वी वाटला तेवढा नसावा. पण ज्याला आधी नैराश्य येऊन गेलंय, त्याने यापासून दूर राहावं, हा औषधशास्त्राचा नियम आजही आहे आणि तो मोडण्याचं काही कारण दिसत नाही. शंका आहे तिथे ज्याचा जीव जाऊ शकतो त्याच्या बाजूने झुकावं.

१९७४ मध्ये आणखी एक वादळ आलं. ‘लॅन्सेट’च्या एका अंकात तीन निबंध, आणि तिन्हींचा सूर असा, की रेसरपिन घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग जास्त आढळतो. पुढच्या अभ्यासांत हा संबंध टिकला नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत मात्र गाठी दिसल्या, त्यामुळे अमेरिकेच्या संशयित कर्ककारक द्रव्यांच्या यादीत रेसरपिन आहे. औषधाची विक्री मात्र त्या तीन निबंधांनी बसली ती बसली. तोवर नव्या गोळ्याही आल्या होत्या, आणि त्यांच्या जाहिरातीला पैसा होता. पेटंट संपलेल्या स्वस्त औषधाची बाजू मांडायला कंपनीचा माणूस येत नाही.

आणि ही बाजू मांडण्यासारखी होती! १९६७ साली अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्रीस यांच्या पुढाकाराने एक चाचणी झाली. खालचा दाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. निम्म्यांना खोटी गोळी, निम्म्यांना रेसरपिन धरून तीन औषधं. मृत्यू, पक्षाघात वगैरे गंभीर घटना मोजल्या. खोट्या गोळीच्या गटात सत्तावीस, औषधाच्या गटात दोन. रक्तदाब उतरवला की माणसं वाचतात, हे जगाला पहिल्यांदा स्वच्छ दिसलं ते या चाचणीत, आणि त्या तिघांत आपली मुळी होती. सर्पगंधा धोकादायक आहे एवढंच ऐकून कुणी घरी जाऊ नये, म्हणून हे सांगितलं. ठरलेल्या मात्रेत, मोजून, लक्ष ठेवून दिलेल्या या द्रव्याने असंख्य लोकांची आयुष्यं वाढवली आहेत.

मग चूर्णाचं काय? इथे वैद्यांची बाजूही नीट ऐकायला हवी. जाणता वैद्य ही मुळी सरसकट देत नाही. रुग्णाचं बळ, वय, कोठा पाहतो, थोड्यापासून सुरू करतो. मुंबईचे वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य यांच्या ‘सिद्धयोगसंग्रहा’मुळे प्रचारात आलेली सर्पगंधाघन वटी पाहा. त्यात सर्पगंधेबरोबर खुरासानी ओवा, जटामांसी, भांग असे घटक येतात. म्हणजे गुंगी आणणारी एकाहून अधिक द्रव्यं एकाच गोळीत. बनवणाऱ्याला ती काय आहे ते ठाऊक होतं. ती वैद्याच्या हातून जावी, दुकानाच्या फळीवरून नव्हे, हे त्यात गृहीतच होतं.

दुसरी अडचण मालाची. झाड मुळासाठी उपटलं की संपलं. १९५० च्या दशकात परदेशी मागणी इतकी वाढली की सरकारला मुळ्यांच्या निर्यातीवर निर्बंध घालावे लागले. मग परदेशी कंपन्या आफ्रिकेतल्या दुसऱ्या जातीकडे वळल्या. आपल्या जंगलांतलं झाड मात्र विरळ होत गेलं. १९९० पासून ते साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचं बंधन आहे. लागवड होते, पण पुरत नाही. आणि माल कमी पडला की भेसळ आलीच. अमेरिकेतून येऊन आपल्याकडे रस्त्याकडेला, पडीक जागी माजलेली एक भावकीतली जात आहे. तिची मुळं या मालात मिसळली जातात. दिसायला सारखी, आतली द्रव्यं मात्र त्याच प्रमाणात नाहीत. म्हणजे मघाचा आमचा ‘हजारात एक’ हा हिशेबही डब्यातल्या चूर्णाला लागू पडेलच असं नाही. कधी कमी, कधी जास्त. रोज तोच चमचा, आणि रोज वेगळी मात्रा.

बिहार-बंगालकडच्या जुन्या नोंदींत एक गोष्ट येते, की आया रडणाऱ्या तान्ह्या मुलांना ही मुळी देऊन झोपवायच्या. आपल्याकडे अफूची गोळी द्यायचे, त्यातलाच प्रकार. तान्हं मूल मुख्यतः नाकानेच श्वास घेतं, आणि ही मुळी नाक चोंदवते. आईच्या पोटात असताना हे औषध गेलं असेल तर जन्मलेल्या बाळाचं नाक बंद, बाळ सुस्त आणि दूध ओढत नाही, असं डॉक्टरांनी पाहिलेलं आहे. म्हणून गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने ही मुळी घेऊ नये. लहान मुलांना तर नाहीच.

या विषयावर बोललं की एक प्रश्न हमखास येतो, तो आजही येणार, म्हणून आधीच घेतो. ‘आमच्या घरी आई गेली काही वर्षं झोपेसाठी सर्पगंधेचं चूर्ण घेते, बीपीची गोळीही चालू आहे, काय करावं?’ आम्ही डॉक्टर नाही, त्यामुळे उपचार सांगणार नाही. पण इतिहास वाचून जेवढं कळलं तेवढं सांगतो. बीपीची गोळी मनाने बंद करू नये. चूर्णाबद्दल डॉक्टरांपासून लपवू नये, कारण बीपीची, झोपेची, नैराश्याची, कंपवाताची औषधं आणि हृदयासाठीचं डिजॉक्सिन यांच्याशी त्याचा थेट संबंध येतो. शस्त्रक्रिया किंवा विजेचे उपचार ठरले असतील तर आठवडा-दोन आठवडे आधीच सांगावं, आदल्या दिवशी सांगून भागत नाही. आई अलीकडे गप्प गप्प राहते, पहाटे उठून बसते, जेवण टाकते, असं असेल तर ते वयावर ढकलू नये. चूर्णाचा डबा आणि सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवाव्यात. डब्यावर मुळीतल्या अल्कलॉइडचं प्रमाण छापलेलं असेल तर तेही दाखवावं. बहुतेक डब्यांवर ते नसतं.